बंदराला लागणारी जागा

हॅम्बुर्गचं नगरभवन आणि तिथला शेअर बाजार पाठीला पाठ लावून उभे आहेत. १८९७ साली नगरभवन बांधून पूर्ण झालं, ते बाजाराच्या जुन्या इमारतीला जोडूनच. दोहोंच्या मधे एक बंदिस्त चौक आहे आणि चौकात एक कारंजं. कारंज्यावर हायजिया ही ग्रीकांची आरोग्यदेवता उभी आहे. पायाखाली तिने एक ड्रॅगन तुडवला आहे. तो ड्रॅगन म्हणजे १८९२ ची पटकी. त्या वर्षी ऑगस्टपासून अवघ्या काही आठवड्यांत या शहरातली सुमारे ८,६०० माणसं दगावली. पश्चिम युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहरात त्या साली एवढा हाहाकार झाला नाही. एका बाजूला सत्ता, दुसऱ्या बाजूला पैसा आणि मधोमध दोघांच्या दिरंगाईने मेलेल्यांचं स्मारक. हॅम्बुर्ग समजून घ्यायला सुरुवात करावी ती या चौकातून.

जर्मनीतलं हे सर्वांत मोठं बंदर. बर्लिनखालोखाल वस्तीचं, सुमारे १९ लाख लोकांचं शहर आणि शिवाय जर्मन संघराज्यातलं एक स्वतंत्र राज्य. अधिकृत नावात आजही 'मुक्त आणि हान्झेआटिक नगर' हे जुनं बिरुद आहे. दरडोई उत्पादनात जर्मनीतल्या राज्यांत ते पहिलं. अडीच हजारांच्या आसपास पूल, शहराच्या मधोमध आल्स्टरचा तलाव, लाल विटांची गोदामं, काचेच्या लाटांसारखं संगीतगृह: पाहुण्याला दाखवायला इथे पुष्कळ आहे. पण या शहराची खरी गोष्ट पाण्याइतकीच जमिनीची आहे. बंदर वाढतं तेव्हा त्याला जागा लागते, आणि ती जागा रिकामी क्वचितच असते. कोण उठलं आणि त्यांच्या जागी काय उभं राहिलं, हा हिशेब मांडला की हॅम्बुर्गचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास एका सलग धाग्यात दिसू लागतो.

मुळात हॅम्बुर्ग समुद्रकाठी नाही. एल्बे नदी उत्तर समुद्राला मिळते तिथून ते शंभरेक किलोमीटर आत आहे. तरीही भरती शहरापर्यंत पोचते. रोज दोनदा पाणी साडेतीन मीटरांहून जास्त चढतं आणि उतरतं. जहाज आतपर्यंत येऊ शकतं आणि तिथून पुढे नदीमार्गे थेट बोहेमियापर्यंत माल जाऊ शकतो, ही या जागेची सारी पुण्याई. नवव्या शतकात इथे हामाबुर्ग नावाचा लहानसा कोट होता. ८४५ साली व्हायकिंगांनी तो जाळला. बंदर आपला वाढदिवस मात्र ७ मे ११८९ चा मानतं. त्या दिवशी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने शहराला समुद्रापर्यंत जकातमाफीची सनद दिली, अशी परंपरा आहे. जो दस्तऐवज दाखवला जातो तो पुढच्या शतकात बनवलेला आहे, हे इतिहासकारांनी सिद्ध केलं आहे. जकात माफ असण्याची किंमत त्या व्यापाऱ्यांना एवढी पक्की कळली होती की त्यासाठी सनद तयार करायलाही ते कचरले नाहीत. वाढदिवसाचा सोहळा आजही दर मे महिन्यात धूमधडाक्यात होतो आणि लाखो लोक धक्क्यावर लोटतात.

हान्झा या व्यापारी नगरांच्या संघात ल्युबेकचं तोंड बाल्टिककडे, तर हॅम्बुर्गचं उत्तर समुद्राकडे. डेन्मार्कला वळसा घालण्यापेक्षा दोन शहरांमधल्या खुष्कीच्या वाटेने मीठ, हेरिंग मासे, मेण, फर यांची ने-आण सोपी पडे. हॅम्बुर्गची स्वतःची मोठी निर्यात होती ती बिअरची. १५५८ साली इथे जर्मन भूमीवरच्या सर्वांत जुन्या शेअर बाजारांपैकी एक सुरू झाला. पोर्तुगालमधल्या धार्मिक छळातून निसटलेले सेफार्डी ज्यू सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे आले आणि साखरेचा, मसाल्यांचा धंदा सोबत घेऊन आले. १६७८ साली गान्झेमार्क्टवर तिकीट काढून कोणालाही जाता येईल असं ऑपेरागृह उघडलं. जर्मनीत तोवर ऑपेरा हा दरबारी शौक होता. इथे राजाच नव्हता. व्यापारी आणि वकील यांचं सिनेट कारभार पाही. मोठेपणा पेढीच्या पतीवर ठरायचा, दरबारी किताबावर नव्हे. मानचिन्हं न स्वीकारण्याची रीत इथल्या सिनेटरांनी शतकानुशतकं पाळली. हॅम्बुर्गचे सुपुत्र आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनीही याच रीतीला धरून देशाचं मानपदक नाकारलं. या स्वाभिमानाबद्दल आदर वाटतोच. पण पेढीबाहेरच्या ज्ञानाची गरज या शहराला उशिरा वाटली हेही खरं. हॅम्बुर्गला विद्यापीठ मिळालं ते थेट १९१९ साली.

५ मे १८४२ च्या पहाटे डाइशस्ट्रासवरच्या एका गोदामात आग लागली. ती ८ मेपर्यंत धुमसत राहिली. ५१ माणसं गेली, सुमारे वीस हजार बेघर झाली, सांक्ट निकोलाईसकट जुनी चर्च जळाली. आग अडवण्यासाठी तेव्हाचं नगरभवन सुरुंग लावून पाडलं. काही महिन्यांपूर्वीच उघडलेली शेअर बाजाराची इमारत मात्र माणसांनी जिवाची बाजी लावून वाचवली. जळक्या शहरात विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याने नव्या रस्त्यांसोबत भुयारी गटारं आणि पाणीपुरवठ्याचं जाळं आखलं. युरोपच्या मुख्य भूमीवर गटारांची एवढी आधुनिक योजना तोवर कुठे नव्हती. नळाने येणारं पाणी होतं एल्बेचं, आणि न गाळलेलं. पन्नास वर्षांनी त्याचा हिशेब चुकता झाला.

* * *

१८७१ साली जर्मन साम्राज्य स्थापन झालं तरी हॅम्बुर्ग त्याच्या जकात-हद्दीबाहेर राहिलं होतं. बिस्मार्कला हे मान्य होणं शक्य नव्हतं. १८८१ साली तोडगा निघाला: शहराने साम्राज्याच्या जकात-संघात यायचं, पण बंदरातला एक पट्टा मुक्त ठेवायचा. तिथे माल उतरवावा, साठवावा, निवडावा, पुन्हा जहाजावर चढवावा, जकात मात्र लागू नये. बांधकामासाठी साम्राज्याने चार कोटी मार्क दिले.

हा पट्टा कुठे आखायचा? शहराला लागून असलेल्या केअरवीडर आणि वांडराम या बेटांवर. केअरवीडरवर गोदी कामगार आणि खलाशांची दाटीची घरं होती, वांडरामवर जुन्या व्यापाऱ्यांचे वाडे. १८८३ पासून दोन्ही वस्त्या जमीनदोस्त झाल्या. सुमारे वीस हजार माणसं उठवली गेली आणि भाडेकरूंना पर्यायी घरं देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. ज्यांना बंदराजवळच राहणं भाग होतं ते आधीच गच्च भरलेल्या बोळवस्त्यांत, गेंगेफिअर्टेलमध्ये शिरले. बाकीचे पूर्वेला हामरब्रोकसारख्या नव्या कामगार वस्त्यांत गेले. २९ ऑक्टोबर १८८८ रोजी सम्राट दुसरा विल्हेल्म याने मुक्त बंदराचं उद्घाटन केलं.

उभं राहिलं ते श्पाइशरश्टाट, म्हणजे गोदामांचं शहर. ओकच्या हजारो खुंटांवर लाल विटांच्या सलग रांगा. प्रत्येक गोदामाचं एक तोंड रस्त्याला, दुसरं कालव्याला. भरती आली की पडाव थेट भिंतीशी लागत. छपराखाली कप्पीचा हात बाहेर झुकलेला. पोतं, पिंप, पेटी जी काही असेल ती दोराला बांधून वर ओढायची आणि हव्या त्या मजल्याच्या दारातून आत घ्यायची. जाड विटांमुळे आतली हवा उन्हाळ्या-हिवाळ्यात फारशी बदलत नाही. कॉफी, कोको, चहा, मिरी, तंबाखू यांना तेच हवं असतं. माल सांभाळणाऱ्यांना क्वार्टियर्सलॉयटे म्हणत. हे लोक नुसते हमाल नव्हते. पोत्यात पोकळ, अणकुचीदार सळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, हातावर पसरायचे, वास घ्यायचा, आणि मालाची प्रत, ओल, कीड सारं सांगायचं, हे त्यांचं कसब. पेढीवर बसलेला व्यापारी माल पाहतही नसे. तो यांच्या शब्दावर सौदा करी. आज इथली बहुतेक गोदामं जाहिरात कंपन्या, संग्रहालयं आणि 'मिनिएचर वंडरलँड' या खेळण्यातल्या रेल्वेच्या अफाट प्रदर्शनाने भरली आहेत, तरी गालिच्यांचे काही व्यापारी टिकून आहेत. २०१५ साली युनेस्कोने श्पाइशरश्टाटला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मुक्त बंदर मात्र १ जानेवारी २०१३ पासून संपुष्टात आलं आहे. युरोपीय संघाच्या सामायिक बाजारपेठेत त्याचं प्रयोजनच उरलं नाही.

वारसास्थळाच्या कौतुकात वीस हजार माणसांचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. तो जास्त जागेचा हक्कदार आहे, कारण चारच वर्षांनी काय झालं ते त्याच्याशी जोडलेलं आहे.

१८९२ चा उन्हाळा कडक होता. एल्बेचं पाणी आटलं, तापलं. शेजारचं आल्टोना हे तेव्हा प्रशियाच्या हद्दीतलं वेगळं शहर. तेही एल्बेचंच पाणी पीत होतं, आणि तेसुद्धा हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचं, प्रवाहाच्या खालच्या अंगाचं. पण आल्टोना पाणी वाळूतून गाळून घेई. हॅम्बुर्गमध्ये गाळणीची योजना खर्चाच्या वादात वर्षानुवर्षं रेंगाळली होती. पटकी आली तेव्हा दोन शहरांच्या सीमेवरच्या रस्त्यांवर एका बाजूची घरं ओस पडली आणि दुसऱ्या बाजूची जवळजवळ सुखरूप राहिली. हॅम्बुर्गच्या हद्दीतल्या एका चाळवजा वसाहतीला मात्र नळ आल्टोनाचा होता. तिथे रोग शिरलाच नाही. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात निश्चित केला होता. पाण्यातून रोग पसरतो या त्यांच्या म्हणण्यावर तेव्हाही शंका घेणारे मातब्बर शास्त्रज्ञ होते. हॅम्बुर्गने त्या शंकेवर पडदा टाकला.

त्याहून गंभीर गोष्ट दिरंगाईची. रोग आल्याचं जाहीर केलं तर जहाजं अडवली जातील, विलगीकरण लागेल, व्यापार बसेल, म्हणून अधिकृत घोषणा लांबली. त्या दिवसांत मोराव्हिया हे जहाज शहरात रोग नसल्याचा दाखला घेऊन न्यूयॉर्ककडे निघालं आणि प्रवासातच त्यावर पटकीने माणसं मेली. बर्लिनहून आलेले कॉख बोळवस्त्या पाहून हादरले. मेलेल्यांत गरिबांचं प्रमाण श्रीमंतांच्या कितीतरी पट होतं, आणि बंदरासाठी घरं सोडून त्या बोळांत कोंबले गेलेले कामगार त्यांत होते. शहराच्या सभागृहासाठी मत देण्याचा हक्क तेव्हा कर भरून नागरिकत्व घेतलेल्या थोड्याच पुरुषांना होता. ज्यांना ते पाणी प्यावं लागत होतं, त्यांना त्या पाण्याचा निर्णय घेता येत नव्हता. गाळणीचा प्रकल्प मग १८९३ साली सुरू झाला. जे काम वर्षानुवर्षं रेंगाळलं होतं ते आता घाईने पुरं झालं. १८९६ च्या नोव्हेंबरात गोदी कामगारांनी संप पुकारला. अकरा आठवडे हजारो कामगार कडाक्याच्या थंडीत कामावर गेले नाहीत. शेवटी उपासमारीने संप मोडला.

बोळवस्त्या पाडण्याचं काम आरोग्याच्या नावाने सुरू झालं. त्यांतल्या रहिवाशांसाठी मध्यवस्तीत घरं झाली नाहीत. रुंद रस्ते आणि कचेऱ्या झाल्या. त्याच जमिनीवर १९२४ साली फ्रिट्झ ह्योगर या वास्तुकाराने चिलीहाउस पूर्ण केलं. जहाजाच्या नाळेसारखा टोकदार कोपरा असलेली ही इमारत सुमारे ४८ लाख काळपट विटांची आहे. मालक हेन्री स्लोमान यांचा पैसा चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्याचा. युरोपच्या शेतांना खत आणि युरोपच्या तोफांना दारू त्यातूनच मिळे. विटेत एवढं देखणं काम फार कमी ठिकाणी पाहायला मिळतं.

* * *

हॅम्बुर्गची सर्वांत मोठी निर्यात काही काळ माणसांची होती. १८५० ते १९३४ या काळात सुमारे पन्नास लाख माणसं इथून जहाजावर चढून अमेरिकेकडे गेली. हापाग ही जहाज कंपनी १८४७ साली निघाली. तिला जगातली सर्वांत मोठी जहाज कंपनी बनवलं आल्बेर्ट बालिन यांनी. बालिन हॅम्बुर्गच्या साध्या ज्यू कुटुंबातले, वडिलांचा धंदा स्थलांतरितांना तिकिटं विकण्याचा. पटकीनंतर रशियातून येणाऱ्या गरीब ज्यूंवर रोग आणल्याचा ठपका ठेवला गेला, तेव्हा त्यांची वाहतूक थांबू नये म्हणून बालिन यांनी फेडेल बेटावर १९०१ साली स्वतंत्र वसाहत उभारली. वैद्यकीय तपासणी, निजायच्या खोल्या, चर्च, सिनेगॉग, ज्यूंसाठी कोशेर स्वयंपाकघर. पुढे एका वेळी पाच हजार माणसं तिथे राहू शकत. यात धंदा होता हे उघड आहे, कारण अमेरिकेने परत पाठवलेला प्रवासी कंपनीला स्वखर्चाने आणावा लागे. तरीही त्या काळात गरीब परदेशी माणसाला स्वच्छ अंथरूण आणि त्याच्या धर्माला चालणारं अन्न देण्याचा विचार कोणीतरी केला, याचं मोल कमी होत नाही. सम्राटाची मर्जी असूनही बालिन यांना युद्ध टाळता आलं नाही. साम्राज्य कोसळलं त्याच दिवशी, ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, विषारी गोळ्या घेतल्याने त्यांचा अंत झाला. नाझींनी त्यांचं नाव पुसलं. १९४७ पासून आल्स्टरकाठचा रस्ता बालिनडाम म्हणून ओळखला जातो आणि हापागची वारसदार हापाग-लॉइड ही कंपनी त्याच रस्त्यावर आहे.

गोदी कामगारांना नदीपलीकडे जहाजबांधणीच्या कारखान्यांत नेण्यासाठी १९११ साली एल्बेखालून बोगदा झाला. लांबी ४२६ मीटर, खोली सुमारे २४ मीटर. दाबाखालच्या हवेतून बाहेर येताना कामगारांना एक जीवघेणा आजार जडे. त्या आजाराने तिघे मेले. आजही सांक्ट पाउलीच्या धक्क्यावरून मोठ्या लिफ्टने खाली उतरून पायी पलीकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. भिंतीच्या टाइल्सवर एल्बेतले मासे आणि खेकडे कोरलेले आहेत. एका ठिकाणी जुन्या बुटाभोवती जमलेले उंदीर आहेत. कारागिराने नदी जशी होती तशी दाखवली.

बंदराचे काही धक्के वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवावे लागतात. १९०४ साली बाकनहाफेन या गोदीतून सैन्याच्या तुकड्या जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, रवाना झाल्या. हॅम्बुर्गच्या व्योरमान घराण्याच्या जहाज कंपनीला या वाहतुकीतून भरघोस नफा मिळाला. हेरेरो आणि नामा लोकांची हजारोंनी कत्तल झाली. हा वंशसंहार होता हे जर्मन सरकारने २०२१ साली मान्य केलं. त्याच परिसरातल्या हानोव्हर स्थानकातून १९४० ते १९४५ या काळात आठ हजारांहून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा माणसांना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं. निसटून परदेशी गेलेल्या ज्यूंचं घरसामान बंदरात अडकून पडलं होतं; गेस्टापोने ते जप्त करून लिलावात विकलं. पलंग, चांदीची भांडी, पियानो शहरातल्या शेजाऱ्यांनीच बोली लावून घेतले. शहराच्या कडेला नॉयनगामेची छावणी होती. तिथे आणि तिच्या उपछावण्यांत मिळून किमान ४२,९०० माणसं मेली.

सुभाषचंद्र बोस याच काळात जर्मनीत होते. ११ सप्टेंबर १९४२ रोजी हॅम्बुर्गच्या आटलांटिक हॉटेलात जर्मन-भारतीय सोसायटीचं उद्घाटन झालं आणि तिथे 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून वाद्यवृंदावर पहिल्यांदा वाजलं. बोस यांच्या आझाद हिंद केंद्रात काम केलेले एन. जी. गणपुले यांनी पुढे 'नेताजी इन जर्मनी' हे पुस्तक लिहिलं. एका शहरात एकाच वेळी आपलं राष्ट्रगीत वाजत होतं आणि काही किलोमीटरवरच्या स्थानकातून माणसं मरायला पाठवली जात होती. भारतीय वाचकाने या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच पाहायला हव्यात.

जुलै १९४३ च्या अखेरीस ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी दहा दिवस हॅम्बुर्ग भाजून काढलं. २७ जुलैच्या रात्री कोरड्या, गरम हवेत हजारो आगी एकत्र येऊन अग्निवादळ उठलं. हवा एवढ्या वेगाने आत ओढली गेली की झाडं उन्मळली. तळघरात लपलेली माणसं गुदमरून मेली. किमान ३४,००० मेले. वादळाच्या मध्यावर होतं हामरब्रोक. श्पाइशरश्टाटसाठी उठवलेल्यांपैकी अनेकांनी ज्या वस्तीत आसरा घेतला होता, तीच.

वाचलेल्यांना घरं नव्हती. कित्येक कुटुंबं एल्बेच्या दोन फाट्यांमधल्या विल्हेल्म्सबुर्ग या सखल बेटावर, परसबागांतल्या लाकडी झोपड्यांत राहू लागली. तात्पुरती सोय म्हणून गेलेली माणसं जवळजवळ वीस वर्षं तिथेच होती. १६ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री उत्तर समुद्रावरच्या वादळाने पाणी नदीत रेटलं, बांध फुटले आणि झोपेत असलेल्या त्या वस्तीत पाणी शिरलं. शहरात ३१५ जण बुडाले, त्यांतले दोनशेहून अधिक विल्हेल्म्सबुर्गमध्ये. गृहखातं सांभाळणारे हेल्मुट श्मिट यांनी घटनेत तरतूद आहे की नाही याची वाट न पाहता सैन्याची मदत मागवली आणि त्यातून त्यांचं नाव देशभर झालं. त्या श्रेयासोबत दुसरी गोष्टही नोंदवायला हवी: बुडालेली माणसं तिथे राहत होती, कारण शहराने त्यांना दुसरीकडे जागा दिली नव्हती.

* * *

३१ मे १९६८ रोजी 'अमेरिकन लान्सर' हे पहिलं पूर्ण कंटेनर-जहाज बुर्खार्डकाय धक्क्याला लागलं. पोत्यांची जागा लोखंडी पेट्यांनी घेतली. ज्या कामाला कामगारांच्या टोळ्यांना दिवसचे दिवस लागायचे, ते क्रेन काही तासांत करू लागली. कालव्याकाठची गोदामं निरुपयोगी ठरली आणि बंदराला पुन्हा जागा हवी झाली. या वेळी विस्तीर्ण, सपाट आणि खोल पाण्याजवळची.

आल्टनव्हेर्डर हे एल्बेच्या दक्षिण काठावरचं मच्छीमार आणि शेतकऱ्यांचं गाव. वस्ती दोन हजारांच्या आसपास. १९७३ साली शहराने ते बंदरासाठी रिकामं करायचं ठरवलं. घरं एकेक करून विकत घेतली गेली आणि पाडली गेली. काही कुटुंबं खटले लढली, अडून राहिली. शेवटचा रहिवासी १९९८ साली बाहेर पडला. २००२ साली तिथे जगातल्या सर्वांत स्वयंचलित कंटेनर टर्मिनलांपैकी एक सुरू झालं. चालक नसलेली वाहनं जमिनीत पुरलेल्या खुणांवरून वाट काढत पेट्या वाहतात. गावातलं एकच बांधकाम शाबूत राहिलं: सांक्ट गर्ट्रूड हे चर्च आणि त्याची दफनभूमी. चर्चमध्ये अजूनही ठरावीक रविवारी प्रार्थना होते. जुने गावकरी आणि त्यांची मुलं त्यासाठी येतात.

विमानांनाही जागा लागली. फिंकनव्हेर्डर इथला एअरबसचा कारखाना वाढवण्यासाठी शतकाच्या आरंभी म्युलनबेर्गर लोख या संरक्षित खाजणाचा सुमारे १७० हेक्टर भाग भरून काढला. पक्ष्यांच्या आणि माशांच्या पैदाशीची ही दुर्मीळ जागा होती. ते सारं ए३८० या प्रचंड विमानासाठी. त्याचं उत्पादन २०२१ साली बंद झालं. कारखाना आज ए३२० मालिकेच्या विमानांवर जोरात चालतो, हजारोंना काम देतो. भरलेलं खाजण परत मिळणार नाही.

आणि एवढं करून बंदर? २००७ साली इथून जवळपास ९९ लाख वीसफुटी कंटेनर हलले. तो विक्रम पुन्हा गाठता आलेला नाही. २०२४ चा आकडा ७८ लाखांच्या आसपास आहे. रॉटरडॅम आणि अँटवर्प बरंच पुढे गेले. अडचण नदीचीच आहे. जहाजं मोठी झाली, म्हणून एल्बे पुन्हा खोदली. वर्षानुवर्षांच्या खटल्यांनंतर ताजं काम २०२१ साली संपलं. पण जितकं खोल खणावं तितका भरतीबरोबर जास्त गाळ आत येतो, आणि तो उपसण्यावर दरवर्षी प्रचंड पैसा जातो. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटून मासे मरतात. समुद्राजवळच्या विल्हेल्म्सहाफेनला खोल पाण्याचं नवं बंदर होत असताना हॅम्बुर्गने त्यातून अंग काढून घेतलं होतं. तो निर्णय चुकला, असं आज म्हणावं लागतं.

पैसा आता बाहेरून येतो आहे. टोलरओर्ट टर्मिनलमध्ये २०२३ साली चीनच्या कॉस्कोने २४.९९ टक्के हिस्सा घेतला, त्यावरून देशभर वादळ उठलं. पाठोपाठ बंदर चालवणाऱ्या शहराच्याच एचएचएलए कंपनीत एमएससी या जहाज कंपनीला ४९.९ टक्क्यांपर्यंत हिस्सा द्यायचं ठरलं. कामगार रस्त्यावर उतरले. २०२४ च्या सप्टेंबरात सभागृहाने तो व्यवहार तरीही मंजूर केला. उलट दिशेने हापाग-लॉइडने २०२३ साली मुंबईच्या जे. एम. बक्षी समूहाच्या बंदर कंपनीत मोठा हिस्सा घेतला. त्या कंपनीचं एक टर्मिनल न्हावा-शेव्याला आहे. हापाग-लॉइडमध्ये हॅम्बुर्ग शहराचीही भागीदारी आहे; म्हणजे उरणच्या किनाऱ्यावरच्या धंद्याचा काही अंश एल्बेकाठच्या तिजोरीत जातो.

जागेच्या या लढाईत सामान्य माणूस दरवेळी हरलाच असं मात्र नाही. सांक्ट पाउलीच्या ज्या गल्ल्यांत एकेकाळी जहाजांचे दोर वळले जात आणि पुढे खलाशांचे अड्डे वसले, तिथे १९६० च्या ऑगस्टमध्ये बीटल्स आले. एका सिनेमागृहामागच्या अंधाऱ्या खोलीत राहून ही लिव्हरपूलची पोरं रात्र-रात्र वाजवत आणि तिथेच तयार झाली. याच भागात नदीकाठच्या हाफेनस्ट्रासवरची पाडायला काढलेली घरं १९८१ पासून तरुणांनी ताब्यात घेतली. पोलिसांशी चकमकी झाल्या, अडथळे उभारले गेले, आणि शेवटी १९९० च्या दशकात शहराने ती घरं रहिवाशांच्या सहकारी संस्थेला विकली. २००९ साली गेंगेफिअर्टेलच्या उरल्यासुरल्या बारा घरांत कलावंत शिरून बसले. शहराने ती गुंतवणूकदाराकडून परत विकत घेतली. बोळवस्तीचा शेवटचा तुकडा आज त्यामुळेच उभा आहे.

बंदर पलीकडे सरकल्यावर मोकळ्या झालेल्या १५७ हेक्टरांवर हाफेनसिटी हा शहराचा नवा भाग उभा राहतो आहे. १९६२ चा धडा इथे घेतला आहे. इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीच्या भरावावर आहेत. कोको आणि चहाच्या जुन्या गोदामाच्या डोक्यावर एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह चढवलं. ११ जानेवारी २०१७ ला ते उघडलं तेव्हा शहराच्या तिजोरीतून ७.७ कोटी युरोच्या मूळ अंदाजाच्या जागी ७८.९ कोटी गेले होते. संताप रास्त होता. पण सभागृहातला आवाज आणि सर्वांना खुला असलेला गच्चीसारखा मजला यांमुळे शहराने ही वास्तू आपली मानली. हाफेनसिटीच्या पूर्व टोकाला मात्र एल्बटॉवर ही २४५ मीटरची नियोजित इमारत २०२३ साली बिल्डर बुडाल्याने शंभरेक मीटरवर थांबली.

आता पुढचा प्रश्न बाकनहाफेनचा आहे. २०२५ साली शहराने अब्जाधीश उद्योगपती क्लाउस-मिशाएल क्यूने यांच्या संस्थेशी करार करून तिथल्या बाकनहोफ्ट या टोकावर नवं ऑपेरागृह बांधायचं ठरवलं. बराचसा खर्च ती संस्था उचलणार आहे. हेरेरो आणि नामांवर चालून गेलेलं सैन्य याच गोदीतून निघालं होतं. ऑपेरागृह व्हावं, उत्तमच व्हावं. पण तिथे तिकीट काढून येणाऱ्या प्रत्येकाला १९०४ साली या धक्क्यावरून कोण गेलं आणि त्यांनी काय केलं हे ठळक अक्षरांत वाचायला मिळायला हवं, आणि ते स्मारक नामिबियातल्या वंशजांशी बोलून, इमारतीच्या आधी उभं राहायला हवं.